दर अर्ध्या तासाला दोन मिनिटं उठायचं: पणजीच्या ऑफिसात हे बसवायचं कसं?

पाटोवरचा_कारकून

नमस्कार मंडळी. पणजीत पाटोवर आमचं अकाउंट्स आणि बिलिंगचं ऑफिस आहे. २८ माणसं: १८ जण टॅली आणि एक्सेलवर, ६ फोनवर, ४ काउंटरला. वेळ ९ ते ६, जेवण १ ते २. निम्मे लोक मडगाव, फोंडा, म्हापशाहून येतात, म्हणजे बसमध्ये बसून यायचं आणि इथे येऊन परत बसायचं. कंबर, मान, दुपारची पेंग या तक्रारी रोजच्याच.

कामाच्या मध्ये छोटे हालचालीचे ब्रेक सुरू करायला वरून परवानगी आहे. अट एकच, काम खोळंबता कामा नये. दोन गोष्टी करून झाल्या: सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर दर अर्ध्या तासाला वाजणारा रिमाइंडर, आणि ११ वाजता सगळ्यांनी मिळून १० मिनिटं व्यायाम. रिमाइंडर लोक न बघताच बंद करतात. ११ च्या व्यायामाला सुरुवातीला हुरूप होता, आता चार-पाच टाळकी उरलीत.

तर नेमकं किती वेळाने उठायचं आणि किती मिनिटं? साडी, फॉर्मल शर्ट-पँट आणि ही दमट हवा, यात घाम न येता काय करता येतं? काउंटर आणि फोनवाल्यांचं काय? आणि उपयोग होतोय की नाही हे ओळखायचं कसं? कृपया ‘पाणी प्या, जिने चढा’ एवढ्यावर सोडू नका, ते नोटीस बोर्डावर कधीचंच लागलंय.

फिजिओ_फोंडा

आधी ‘किती वेळाने’चं उत्तर, कारण बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे.

२०२३ मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या लोकांनी नेमकं हेच तपासलं. माणसांना आठ तास खुर्चीत बसवलं आणि वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळ्या अंतराने चालवलं: दर ३० मिनिटांनी १ मिनिट किंवा ५ मिनिटं, दर ६० मिनिटांनी १ मिनिट किंवा ५ मिनिटं, आणि एक दिवस नुसतंच बसणं. अर्ध्या तासाला ५ मिनिटं चालल्यावर जेवणानंतरची साखरेची उसळी ५८ टक्क्यांनी कमी झाली. अर्ध्या तासाला १ मिनिट चालल्यावरही थोडा फायदा दिसला. तासाभराने चालल्यावर मात्र, १ मिनिट चाला की ५, साखरेवर परिणाम दिसला नाही. रक्तदाब सगळ्याच प्रकारांत ४ ते ५ अंकांनी उतरला. माणसं फक्त ११ होती, त्यामुळे आकडे दगडावरची रेघ समजू नका. पण २०१२ सालच्या एका अभ्यासातही वजन जास्त असलेल्यांना दर २० मिनिटांनी २ मिनिटं हळूहळू चालवलं तेव्हा जेवणानंतरची साखर साधारण एक चतुर्थांशाने कमी भरली होती. दिशा तीच. अंतर कमी ठेवणं जास्त महत्त्वाचं, मिनिटं त्यानंतर.

कारणही साधं आहे. आकुंचन पावणारा स्नायू रक्तातली साखर इन्सुलिनची फारशी वाट न पाहता उचलतो. मांडी, नितंब आणि पोटरी हे शरीरातले मोठे स्नायू, आणि खुर्चीत नेमके तेच झोपलेले असतात. म्हणून दर वेळी पाय हलले पाहिजेत. नुसते खांदे फिरवून मान मोकळी वाटेल, साखर आणि पेंग जिथल्या तिथेच राहतील.

आता व्यवहार. अर्ध्या तासाला ५ मिनिटं म्हटलं तर आठ तासांत ८० मिनिटं गेली, कुठलाच साहेब हो म्हणणार नाही. २ मिनिटं धरा. चहा, जेवण, लघवीला उठणं हे धरून दिवसात जास्तीचे दहाएक ब्रेक उरतात. म्हणजे माणशी २० मिनिटं. साहेबाला पटवताना हाच आकडा मांडा, ‘आरोग्य’ वगैरे शब्द नंतर.

दोन मिनिटांचे दोन प्रकार ठेवा आणि आलटून पालटून करा.

पहिला चालण्याचा. साधारण चालीने मिनिटाला १०० पावलं पडतात, म्हणजे ७० मीटरच्या आसपास. तुमचा कॉरिडॉर २५ मीटरचा असेल तर दोन मिनिटांत साडेपाच फेऱ्या. मोबाइल जागेवर ठेवून चाला. हातात घेतला की चाल निम्म्यावर येते आणि मान आहे तशीच वाकलेली राहते.

दुसरा टेबलापाशी उभ्याने. खुर्चीतून उठ-बस ८ वेळा, मग टाचा उचलणं १५ वेळा, मग जांघेच्या पुढच्या भागाचा ताण दोन्ही बाजूंना २०-२० सेकंद.

उठ-बस करताना चाकांची खुर्ची मागे भिंतीला टेकवा. हे विसरलं की खुर्ची सटकते आणि माणूस फरशीवर. सीटच्या पुढच्या अर्ध्या भागात बसायचं, पावलं गुडघ्यांच्या चार बोटं मागे, नाक पायाच्या बोटांच्या पुढे येईल एवढं वाकायचं आणि श्वास सोडत उठायचं. बसताना तीन अंक मोजत हळू. धप्पकन बसण्यात व्यायाम शून्य, वर कंबरेला हादरा. गुडघे दुखत असतील तर सीट दोन-तीन इंच वर घ्या आणि एक हात टेबलावर ठेवा, भार बराच हलका होतो.

टाचा उचलताना हात टेबलावर. वर जायला एक अंक, वर थांबायला एक, खाली यायला तीन. पहिल्या १० वेळा गुडघे ताठ, शेवटच्या ५ वेळा किंचित वाकवून. ताठ गुडघ्याने वरची पोटरी काम करते, वाकवल्यावर खालची. हीच पोटरी पायातलं रक्त वर ढकलते, संध्याकाळी चपलेचा पट्टा रुतत असेल तर हीच दिवसभर स्वस्थ बसलेली असते. घाई नको. १५ वेळा, दिवसात पाच ब्रेक म्हणजे ७५ झाले. पहिल्याच दिवशी एवढं केलं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना पोटऱ्या बोंब मारतात, लोक म्हणतात ‘यानेच दुखायला लागलं’ आणि सोडून देतात. पहिला आठवडा ६ ते ८, मग वाढवा.

शेवटचा, जांघेचा ताण बहुतेक जण चुकीचा करतात. एक पाय मागे, मागच्या पायाच्या बाजूचा नितंब घट्ट आवळायचा, माकडहाड किंचित आत. जांघेत पुढून ओढ जाणवली पाहिजे. कंबर मागे वाकवली तर ओढ जाणवतच नाही, नुसता कंबरेवर दाब येतो. साडीत पाय फार मागे जात नाही, जाऊही नये. एक फूट पुरे, नितंब आवळणं महत्त्वाचं.

मानेसाठी: हनुवटी सरळ मागे ओढायची, डबल चिन होईल अशी, तीन सेकंद धरायची, पाच वेळा. मान गोल-गोल फिरवू नका. झीज असलेल्यांना त्याने चक्कर येऊ शकते, आणि कट्-कट् आवाज आला म्हणजे मान ‘मोकळी’ झाली असं काही नसतं. पाठीसाठी खुर्चीच्या पाठीवर खांद्याची पाती टेकवा, हात डोक्यामागे, श्वास सोडत मागे वाका, पाच वेळा. त्याआधी खुर्चीचा झोका लॉक करा.

एक गोष्ट कटाक्षाने टाळा: बराच वेळ बसून उठल्या उठल्या खाली वाकून पायाचे अंगठे धरणं, किंवा फायलींचा खोका उचलणं. वाकून बसल्याने मणक्यांमागचे बंध सैलावलेले असतात, ते पूर्ववत व्हायला थोडा वेळ लागतो. मिनिट-दोन मिनिटं चाला, मग काय ते उचला.

रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर उठण्यापूर्वी बसल्या बसल्या पावलं दहा वेळा वर-खाली करा, मग उठा, एकदम उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येऊ शकते. एकाच पोटरीला सूज आणि दुखणं असेल तर व्यायाम नाही, थेट डॉक्टर. नुकती शस्त्रक्रिया झालेले आणि गरोदर बायका यांनी आपल्या डॉक्टरला विचारून ठरवावं, त्यांच्यासाठी नुसतं चालणं बहुतेकदा पुरतं.

सगळ्यात मोलाचा ब्रेक जेवणानंतरचा. शीतकडी (भात आणि माशाची आमटी), तळलेलं मासळीचं तुकडं, वर सोलकढी, आणि पाच मिनिटांत खुर्ची: तीनची पेंग तिथेच ठरते. जेवल्यावर १० मिनिटं सावकाश चालायचं. ओरेम खाडीच्या कडेने चालणं डिसेंबरात छान, एप्रिलच्या दीडच्या उन्हात शिक्षा आहे, तेव्हा कॉरिडॉरच बरा.

वेर्णा_सेफ्टी

व्यायाम काय करायचे ते वर आलंच आहे. लोक उठत का नाहीत, यावर लिहितो.

रिमाइंडर का फसतो? तो घड्याळ बघतो, काम बघत नाही. एन्ट्री करणाऱ्याच्या डोक्यात त्या क्षणी बिल नंबर, रक्कम आणि जीएसटीचा दर असे तीन आकडे असतात. तेवढ्यात चौकोन उघडला तर तो आधी चौकोन मारणार, आणि ते बरोबरच आहे. आठवडाभरात बोटाला सवय लागते, मग तो चौकोन दिसेनासाच होतो.

म्हणून उठणं कामाच्या सांध्यावर लावा. सरासरी माणूस अर्ध्या तासात किती बिलं टाकतो ते दोन दिवस मोजा. समजा २२. तर गठ्ठे २२-२२ चेच बांधा. झालेला गठ्ठा ठेवायचा ट्रे आणि पुढचा गठ्ठा उचलायचा ट्रे, दोन्ही खोलीच्या पलीकडच्या टोकाला, उभ्याने हाताला येईल अशा फळीवर. टेबलावर राखीव गठ्ठा ठेवायची मुभा नाही. एवढं केलंत तर माणसाला आठवण करून द्यावी लागत नाही, कामच त्याला उठवतं. बिलं स्कॅन होऊन येत असतील तर नंबरांच्या पट्ट्या छापा: ‘१०१ ते १२२’. झालेली पट्टी पलीकडच्या बोर्डावर टाचायची, नवी घ्यायची. जुनाट वाटेल, पण चालतं. कोणाकडे काय आहे हेही एका नजरेत कळतं.

बँक रिकन्सिलिएशन (बँकेच्या नोंदी आपल्या हिशोबाशी ताडणं), छापील स्टेटमेंट तपासणं, चेकवर सह्या घेणं ही कामं मुळात उभ्याने करायची. भिंतीला कोपराच्या उंचीची फळी लावा, १०० ते १०५ सेंटिमीटर. सुताराचं अर्ध्या दिवसाचं काम.

११ चा सामूहिक व्यायाम का बसला? २८ माणसं एकदम उठली की पाण्याच्या कूलरपाशी रांग, मग गप्पा, मग परत लॉगिन. १० मिनिटांचे २५ होतात, आणि नेमका ११ ला काउंटरवर गर्दीचा भर. शिवाय साहेबासमोर हात वर करायची लाज काही जणांना वाटतेच, ती बोलून दाखवत नाहीत. सगळ्यांनी एकाच वेळी करायचं काहीही काढून टाका.

काउंटर चार आहेत ना? पाऊण तास नको, तास धरा. घड्याळाचे चार भाग: ००, १५, ३० आणि ४५. एकेका काउंटरचा एकेक भाग. ज्याची पाळी तो हातातला माणूस संपवून ३ मिनिटं उठतो, तीन काउंटर चालूच. तासाने एकदाच झालं म्हणून वर सांगितलेलं अंतर तुटतं, ते भरून काढायला दर तिसऱ्या माणसाला कागद उभं राहून द्यायचे-घ्यायचे. ‘थोड्याच वेळात येतो’ची पाटी ठेवू नका. लोक पाटी वाचत नाहीत, रिकामी खुर्ची मात्र बघतात आणि आवाज चढतो. टोकन मशीनवरूनच तो काउंटर ३ मिनिटं वगळा.

फोनवाल्यांचं सगळ्यात सोपं. वायर दीड मीटरची असेल तर तीन मीटरची द्या, किंवा बिनतारी हेडसेट. नियम असा: कॉल ‘होल्ड’वर गेला की उभं राहायचं. गिऱ्हाईक वाट बघत असताना तसंही बसून काहीच होत नसतं. चालत बोलू देऊ नका, धाप कळते आणि शेजारच्याच्या माइकमध्ये आवाज जातो.

दोन गोष्टी ऑफिसने करायच्या. एक, सेक्शनच्या प्रमुखाने स्वतः उठायचं. तो बसून राहिला तर बाकीचे उठायचे नाहीत, कितीही परिपत्रकं काढा. दोन, उठलेल्याला हटकायचं नाही आणि हा वेळ चहाच्या वेळेतून कापायचा नाही. कापलात की दुसऱ्या दिवशी सगळं बंद.

आणि पावलांची स्पर्धा लावू नका. मोबाइल हलवून आकडा वाढवणारे निघतात, गुडघेवाले बाजूला पडतात, आणि महिन्याभराने पहिल्या तीन नंबरांशिवाय कोणी चालत नाही.

म्हापसेकर

एक शंका. जो माणूस रोज संध्याकाळी मिरामारला तासभर चालतो त्याला या उठाबशांची गरज काय? आणि उंची बदलणारी उभ्याची टेबलं आता मिळतात. ती घेतली की प्रश्नच मिटला ना?

फिजिओ_फोंडा

पहिल्या शंकेत तथ्य आहे. २०१६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये दहा लाखांहून जास्त लोकांच्या माहितीचा एकत्र अभ्यास आला होता. रोज ६० ते ७५ मिनिटं मध्यम गतीने हालचाल करणाऱ्यांत जास्त बसण्यामुळे वाढणारा मृत्यूचा धोका जवळपास पुसला गेलेला दिसला. म्हणजे तो तास खरा तास हवा, झपझप चालण्याचा, वाळूवर बसून भेळ खाण्याचा नव्हे. ऑफिसातले किती जण रोज, पावसाळा धरून, एवढं चालतात? आणि त्या तासाने दुपारच्या जेवणानंतरची साखर किंवा चार वाजताची कंबर सुधारत नाही, ती त्या त्या वेळीच सांभाळावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांतही दोन्ही आहे: आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम, आणि वेगळं सांगितलेलं, बसणं कमी करा. व्यायाम सलग १० मिनिटांचा असला तरच धरायचा ही जुनी अटही त्यांनी काढून टाकली, त्यामुळे दोन-दोन मिनिटंही हिशोबात येतात.

टेबलाचं म्हणाल तर नुसतं उभं राहण्याने बसण्यापेक्षा मिनिटाला ०.१५ कॅलरी जास्त खर्च होते. सहा तास उभे राहिलात तर ५४, म्हणजे एक पोळीसुद्धा नाही. पोटरी आकुंचन पावत नाही, ती नुसती ताणून धरलेली असते. फायदा स्थिती बदलण्यात आहे, म्हणून पैसे असतील तर १८ जणांत दोन टेबलं सामायिक घ्या, प्रत्येकाला एक नको. घेतलेली टेबलं महिन्याभरात एकाच उंचीवर अडकून पडतात, हेही लक्षात असू द्या.

मडगाव_कापडवाले

आमचं उलटं आहे. कापड दुकान, मुली सकाळी साडेनऊ ते रात्री आठ उभ्याच. दुपारी १ ते ३ बंद असतं तेवढंच. त्यांना अजून उठा म्हणून काय सांगणार?

वेर्णा_सेफ्टी

त्यांचा ब्रेक म्हणजे बसणं. आणि बसायला काहीतरी असलं तरच.

काउंटरमागे ६५ ते ७० सेंटिमीटर उंचीचं टेकायचं स्टूल ठेवा, दोघींत एक तरी. त्यावर अर्धं टेकून गिऱ्हाईक दिसतं, पटकन उठताही येतं. खाली १० ते १५ सेंटिमीटर उंचीचा लाकडी ठोकळा: एक पाय त्यावर, दर पाच-दहा मिनिटांनी बदलायचा. बारमध्ये खाली पितळी दांडी असते ती उगाच नसते. त्याने कंबरेचा आतला बाक कमी होतो. दर अर्ध्या तासाला दोन मिनिटं टेकायचं, आणि टेकण्याआधी १० वेळा टाचा. स्थिर उभ्याने रक्त पायात साचतं, पोटरी हलवली तरच वर जातं. चप्पल सपाट आणि पातळ नको, तळ किमान दोन सेंटिमीटर जाड आणि मागे पट्टा असलेली. नुसत्या अंगठ्याच्या चपलेत बोटं दिवसभर चप्पल धरून ठेवतात आणि टाच दुखायला लागते.

‘मुली बसलेल्या दिसल्या तर गिऱ्हाईक काय म्हणेल’ हा विचार जुनाच. उभ्याने काम करणाऱ्यांना बसायची सोय हवी, हे १९४८ च्या कारखाने कायद्यात कलम ४४ मध्ये होतंच. दुकानांसाठी केरळने २०१८ मध्ये आणि तामिळनाडूने २०२१ मध्ये तसा बदल केला.

वेर्णा, कुंडईच्या औषध कारखान्यांतल्या कोणी हे वाचत असेल तर: क्लीनरूममध्ये (धूळ-कण रोखून ठेवलेल्या खोलीत) वरचं लागू करताना हात वर नेणारे, झटक्याचे प्रकार वगळा. हालचाल जोरात केली की गाऊनमधून कण जास्त सुटतात आणि वरून खाली वाहणारी हवा ढवळते. तिथे फक्त सावकाश टाचा आणि वजन या पायावरून त्या पायावर. बाकी सगळं गाऊन काढल्यावर. दोन मिनिटांसाठी गाऊन उतरवा-चढवा कोणी करणार नाही, म्हणून ब्रेक बॅच बदलण्याच्या वेळेला जोडा.

योगवर्ग_डिचोली

आयुष मंत्रालयाचा ‘वाय-ब्रेक’ कोणी काढला नाही म्हणून लिहिते. पाच मिनिटांचा क्रम आहे, २०२१ मध्ये त्याचं मोबाइल ॲपही आलं. ताडासन, ऊर्ध्वहस्तोत्तानासन, स्कंधचक्र, उत्तानमंडूकासन, कटिचक्रासन, अर्धचक्रासन, प्रसारित पादोत्तानासन, मग दीर्घ श्वसन, नाडीशोधन, भ्रामरी आणि ध्यान.

क्रम चांगला बांधलेला आहे, पण यातला मोठा वाटा श्वासाचा आहे, आणि फिजिओंनी वर सांगितलेलं पायांचं काम त्यात कमी. म्हणून याला दर अर्ध्या तासाचा ब्रेक समजू नका. दिवसातून दोनदा, ११.३० आणि ४.३० च्या सुमारास, ज्यांना हवा त्यांनी वेगळ्या खोलीत करावा. मोकळ्या हॉलमध्ये चार जणांनी भ्रामरीचा गुंजारव सुरू केला की फोनवरच्यांची पंचाईत होते.

चुका सांगते. उत्तानमंडूकासनात हात डोक्यामागून विरुद्ध खांद्याखाली न्यायचे असतात. खांदा आखडलेल्याने, विशेषतः मधुमेह्यांमध्ये हे बरंच दिसतं, ते जबरदस्तीने करू नये, हात कपाळापर्यंत आले तरी पुरे. घट्ट ब्लाउज किंवा शर्टात काखेत ओढ बसते, त्याऐवजी दोन्ही हात भिंतीवर सरकवत वर न्यायचे. कटिचक्रासन झोका दिल्यासारखं करू नका, पावलं रोवून सावकाश वळा. प्रसारित पादोत्तानासन पुढे वाकण्याचं आहे, आणि बसून उठल्या उठल्या वाकू नये हे वर आलंच आहे. ते आसनांमध्ये शेवटी येतं तेही योग्यच. रक्तदाब वाढलेला असेल तर डोकं खाली नेऊ नका, भिंतीला हात टेकून पाठ आडवी होईल एवढंच वाका. आणि जेवणानंतर दोन तास पुढे-मागे वाकण्याचं काहीच नको.

डोळ्यांचं वेगळं: २० मिनिटांनी २० फूट लांब २० सेकंद बघा. पाटोवरून मांडवी दिसत असेल तर प्रश्नच नाही. स्क्रीनकडे बघताना पापण्या कमी लवतात, म्हणून त्या २० सेकंदांत मुद्दाम दहा वेळा पापण्या पूर्ण मिटा. एसीचा झोत थेट तोंडावर येत असेल तर आधी तो फिरवा.

पाटोवरचा_कारकून

गठ्ठ्यांचं आणि होल्डचं उद्याच करता येण्यासारखं आहे. अजून दोन अडचणी. पावसाळ्यात कॉरिडॉरची फरशी ओली असते, छत्र्या आणि रेनकोट तिथेच टांगतात. आणि ११ व २० तारखेला जीएसटीआर-१ आणि ३बी ही जीएसटीची महिन्याची विवरणपत्रं भरायची असतात, त्या दिवशी कोणी जागचं हलत नाही. मोजमाप कसं ठेवायचं तेही राहिलं.

वेर्णा_सेफ्टी

फरशी: छत्र्यांचं स्टँड जिन्यापाशी, कॉरिडॉरमध्ये नाही. दारात एक नाही, दोन पायपुसणी, पहिलं काथ्याचं, दुसरं सुती, आणि सुती दुपारी बदलायचं. ओलं सुती पायपुसणं पाणी टिपत नाही, पसरवतं. तरी ओल राहिली तर जून ते सप्टेंबर चालण्याचा प्रकार बंद ठेवून फक्त टेबलापाशीचा करा. जुन्या इमारतीत अरुंद, उंच पायऱ्यांचा जिना असेल तर पावसात तोही नको. उतरताना गुडघ्यावर भार जास्त येतो आणि ओल्या चपलेने पाय सटकतो तो उतरतानाच.

मोजमाप: सुरू करण्याआधीच्या आठवड्यात बुधवारी ५ वाजता बिननावाची चिठ्ठी. मान, खांदे, कंबर, गुडघे-पावलं, डोळे, प्रत्येकापुढे ० ते १० पैकी आकडा. तीच चिठ्ठी तिसऱ्या आणि सहाव्या आठवड्यात बुधवारीच. सोमवारी आकडे चांगले येतात आणि शनिवारी वाईट, म्हणून वार बदलू नका. साहेबासाठी वेगळे दोन आकडे: दिवसाला पुरे झालेले गठ्ठे आणि रिव्हर्सल एन्ट्र्या (चुकल्यामुळे उलटवाव्या लागलेल्या नोंदी). पहिला आठवडा धरू नका, त्यात गठ्ठे थोडे कमी भरतील. सुरुवात १८ पैकी एका सहा जणांच्या टेबलापासून करा, बाकीचे बारा तुलनेला राहतात.

११ आणि २० तारीख: त्या दिवशी दोन मिनिटांचा हट्ट सोडा. दर गठ्ठ्याला खुर्चीतच पाच उठ-बस, २५ सेकंद, बस. पोर्टल फिरत असतं तेव्हा तर वेळच वेळ असतो: ‘सबमिट’ दाबलं की उभं राहायचं, पावती क्रमांक आला की बसायचं. ट्रे मात्र पलीकडेच राहू द्या. त्या दिवसापुरता म्हणून टेबलावर आणलेला ट्रे २१ तारखेला परत जात नाही.

फिजिओ_फोंडा

एकच जोड. मडगावहून, फोंड्याहून बसने येणारे ९ ला पोचतात तेव्हा आधीच पाऊण-एक तास बसून आलेले असतात. त्यांचा पहिला अर्धा तास साडेनऊला संपत नाही, तो बसमध्येच संपलेला असतो. सकाळची डाक फोडणं, शिक्के मारणं, फायली लावणं हे काम ९ ते ९.१५ त्यांना द्या, त्या फळीपाशी उभ्याने. खोके मात्र पहिली पाच मिनिटं दुसऱ्याने उचलावेत.